दार बघून वाजव

“ही वाजवणार?”

आप्पा शिंगट्यांनी विचारलं माझ्या बापाला, अण्णांना, पण बघत होते माझ्याकडे. टेम्पोच्या फाळक्यावरून मी नुकतीच खाली उडी मारली होती. बँडचा लाल कोट माझ्या गुडघ्यांना लागत होता आणि बाह्या दुमडून दुमडून मनगटाशी वळकट्या झाल्या होत्या.

“हीच वाजवणार,” अण्णा म्हणाले.

“मास्तर, मी बँड सांगितला हुता. तमाशा न्हाय.”

मांडवाच्या खांबाला टेकलेली माणसं हसली. अण्णा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. ते तोंड उघडून फारसं हसायचेच नाहीत, वरचे पुढचे दात नव्हते म्हणून. “वाजवल्यावर बोला,” एवढंच म्हणाले आणि रामभाऊंना ढोल उतरवायला हात द्यायला गेले.

“पोरगी म्हनल्यावर पोरं अंगावर येत्याल नाचायला,” आप्पा मागून ओरडले. “मग आमच्या नावानं बोंब मारायची न्हाय!”

मी नववीत होते तेव्हाची ही गोष्ट. गाव कुरणवाडी, महिना मे, आणि लग्न आप्पांच्या धाकट्या मुलाचं, गोरज मुहूर्तावर. आमचं काम ठरलेलं होतं. ऊन कललं की नवरदेवाला घरापासून वाजत न्यायचं, मधल्या आळीतून मारुतीला, आणि तिथून शाळेच्या पटांगणातल्या मांडवात. तोवर मांडवामागच्या कडुनिंबाखाली बसून राहायचं. मांडवाच्या आत आम्हाला कुणी बोलवत नसे आणि आम्हीही जात नसू.

कडुनिंबाच्या अलीकडेच चुली पेटल्या होत्या. मला तहान लागली होती आणि समोर गोणपाटात गुंडाळलेला बर्फ उतरत होता, म्हणून मी तिकडेच बघत बसले होते. आचारी कुणावर तरी खेकसत होता.

“मठ्ठ्यासाठनं सांगितलेला बर्फ, आन निम्मा थोरल्या घरात कशाला उतरवला?”

“आप्पांनी सांगितलंय. तिकडं पाव्हन्यांसाठनं सरबत करनार हायत.”

“थोरल्या घरात? तिथं म्हातारं अंथरुनाला खिळलंय, म्हातारी त्याला सोडून उठत न्हाय. सरबत कोन करनार, कोन पिनार?”

“तू तुजी भांडी बग.”

आचारी पुटपुटत मठ्ठा घुसळायला लागला. थोरलं घर म्हणजे आप्पांच्या मोठ्या भावाचं, हे मला रामभाऊंनी सांगितलं. ते या गावात पूर्वी वाजवून गेले होते. थोरल्या भावाला मूलबाळ नव्हतं. नवरदेव त्यांच्याच घरात वाढला, पुढं भाऊ वेगळे झाले, असं काहीतरी. मी नीट ऐकलं नाही. क्लॅरोनेटची पत्ती ओठात धरून ओली करत होते आणि मनात सूर घोकत होते, कारण चुकलं तर खांद्यावर ढोलाची काठी बसणार होती.

अण्णांचे नेम होते. दुसऱ्या मुलींचे वडील गोष्टी सांगायचे, आमचे नेम सांगायचे, आणि तेही ओरडून. वाजवण्याआधी यजमानाचं खायचं नाही. उधळलेली नोट उचलायला वाकायचं नाही. कोटाची सगळी बटणं लावायची, जीव गुदमरला तरी. आणि सगळ्यांत मोठा नेम असा की वाजवताना माणसांकडं बघायचं नाही, दारांकडं बघायचं.

“नाचनारी मानसं कुटं बी सारखीच,” ते म्हणायचे. “दार बग. सडा पडलाय का, रांगोळी हाय का, बाहीर चपला कशा पडल्यात. ज्या घरात मानूस गेलंय त्या दारासमोर वाजवायचं न्हाय. नवरदेव मंग कुनाचा बी असू दे.”

या नेमापायीच त्यांचे दात गेले होते. मी लहान असताना एका गावात वरात चालली होती आणि अण्णा एका दारासमोर थांबले. त्या घरात सकाळी बाई गेली होती. नवरदेवाचे मित्र प्यालेले होते. वाजव म्हणाले, अण्णांनी मानेनंच नकार दिला. पुढचं दार आलं की वाजवतो, एवढंच सांगण्यासाठी त्यांनी क्लॅरोनेट तोंडातून काढायच्या आत एकानं तिच्या भोंग्यावर खालून तळवा हाणला. क्लॅरोनेट वरच्या दातांवर तोलून फुंकतात. दात गेले की फुंक धरत नाही, कडेनं वारा निसटतो.

त्यांनी ती पेटीत ठेवून दिली. मग एके दिवशी पेटी काढली आणि माझ्यापुढे सरकवली. माझ्या तोंडात सगळे दात होते, एवढीच माझी लायकी. आई नव्हती, नाहीतर मध्ये पडली असती. शाळेतून आले की अण्णा मागं उभे राहायचे, हातात ढोलाची काठी. सूर घसरला की खांद्यावर. “परत.” ओठ सुजला तरी “परत.” मला त्यांचा इतका राग यायचा की फुंकताना डोळे गच्च मिटून मी त्यांना मनातल्या मनात शिव्या द्यायचे.

पण तो एक नेम मला आवडायचा. वर्गातल्या मुली ‘वाजंत्र्याची’ म्हणून चिडवायच्या, तेव्हा मी त्यांना अण्णांच्या दातांची गोष्ट सांगायचे. बाकी बापाबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. ते एकच होतं.

*

ऊन कललं आणि आम्ही निघालो. नवरदेव घोड्यावर, पुढं पोरं, त्यांच्या पुढं आम्ही. आप्पा म्हणाले होते तसंच झालं. पोरं नाचायच्या निमित्तानं माझ्या अंगावर यायला लागली. एकानं रुमालाची टोकं दातांत धरून माझ्यापुढं गुडघे टेकले.

“ए क्लॅरोनेट, पुंगी वाजव! मी नाग हुतो!”

“आर त्या पोरीला वारा पुरंना, तुला डुलवायला!”

“मास्तर, पोरगी तुमची का भाड्यानं आनली?”

अण्णा माझ्या उजव्या बाजूनं चालत होते, हातात काठी. दात गेल्यापासून ते कुठलंच वाद्य घ्यायचे नाहीत, फक्त बँड चालवायचे. त्या पोरांकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. “दारं बग,” ते माझ्या कानाशी म्हणाले.

मी दारं बघत होते. मधली आळी सगळी शिंगट्यांचीच भाऊबंदकी. दारोदार सडा, दारोदार रांगोळी, चौकटीला आंब्याची पानं. बायका हातात ताट घेऊन उंबऱ्यात उभ्या. नवरदेवाला ओवाळायचं, पुढं जायचं. नवरीकडचे पाहुणेही मिरवणुकीत होते. नवरीचा मामा म्हणून एक जाडजूड माणूस फेटा सावरत आप्पांच्या बरोबरीनं चालला होता आणि प्रत्येक दाराशी “वा, वा” म्हणत होता.

आळी वळली. वळणावर एक दगडी घर होतं, निळ्या दाराचं. रामभाऊ निळं दार म्हणाले होते, ते थोरलं घर हेच.

दारात सडा नव्हता. रांगोळी नव्हती, पानं नव्हती, उंबऱ्यात बाई नव्हती. नवरदेव जिथं वाढला ते घर आणि दार लोटलेलं. उंबऱ्याखालून पाणी येत होतं. धुळीतून त्याची काळी रेघ रस्त्यापर्यंत आली होती. मागचा घोडा ती दिसताच बिचकला. दाराच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती आणि त्या फटीतून, बाहेर लख्ख ऊन असताना, आत जमिनीलगत दिव्याची ज्योत दिसत होती.

बर्फ. थोरल्या घरात उतरवलेला बर्फ.

मी थांबले.

आमच्या बँडमध्ये ठरलेलं होतं. क्लॅरोनेट थांबली की ट्रम्पेटनं थांबायचं, मग साइड ड्रमनं, मग ढोलानं. सगळं एकामागून एक गप्प झालं. पोरं हात वर करून तशीच उभी राहिली. आणि त्या शांततेत एक आवाज आला. पोत्यात कोंडलेल्या कुत्र्याच्या पिल्लासारखा. आला आणि अर्ध्यातच तुटला.

“काय झालं ओ?” नवरीचा मामा म्हणाला. “का थांबलं? हितं काय झालंय का?”

“काय न्हाय, काय न्हाय,” आप्पा हसले. “पोरगी दमली. म्हनून म्हनत हुतो.”

हसत हसतच ते आमच्याकडं आले. जवळ आल्यावर त्यांचा चेहरा मला दिसला. पांढरा पडला होता, ओठ तेवढे हसत होते. मला त्या वेळी सगळं कळलं होतं. भाऊ वारला होता. ही बातमी आता फुटली तर सुतक, आणि सुतकात लग्न नाही. नवरीकडचे आल्या पावली परत जातील. म्हणून दार लोटून, बर्फावर ठेवून, अक्षता पडेपर्यंत म्हाताऱ्याला जिवंत ठेवला होता.

“अण्णा,” मी म्हणाले. “दार बगा.”

अण्णांनी आधीच बघितलं होतं. मग त्यांची नजर दारावरून बाजूला सरकली आणि तिथंच राहिली. मला वाटलं, टाळतायत.

आप्पा त्यांच्या कानाशी लागले. आवाज खाली होता, पण मी मध्येच उभी होते.

“मास्तर, तुजं दात कशापायी पडलं ते म्हाइतेय मला. सगळ्या पंचक्रोशीला म्हाइतेय. खालचं अजून हायत न्हवं?”

मी अण्णांकडं बघत राहिले. आता बोलतील. आता म्हणतील की पुढचं दार आलं की वाजवतो. मला भीती वाटत नव्हती. खरं सांगायचं तर मला हवंच होतं ते. त्या नाग झालेल्या पोरापुढं, त्या मामापुढं, आप्पांपुढं.

अण्णा रामभाऊंकडे वळले. त्यांच्या गळ्यातला ढोलाचा पट्टा काढला आणि स्वतःच्या गळ्यात घातला.

“फुंक,” ते मला म्हणाले.

“अण्णा, तुमीच म्हनता की—”

“फुंक म्हनतो न्हवं!”

काठी खांद्यावर बसली. सगळ्यांसमोर. घरात बसायची ती वेगळी, ही वेगळी. कुणीतरी शिट्टी मारली. मी क्लॅरोनेट तोंडाला लावली आणि फुंकली. रडू पत्तीत उतरत होतं. सूर चिरकला तरी कुणाला कळलं नाही, कारण अण्णा ढोल बडवायला लागले होते.

मी त्यांना तसं वाजवताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांना ताल कळायचा, नजाकत कळायची. तोडा कुठं घ्यायचा, हात कुठं राखायचा, हे त्यांनी रामभाऊंना शिकवलेलं. तिथं त्यांनी काही राखलं नाही. आळीच्या दोन्ही भिंती घुमायला लागल्या, दारावरची कडी खुळखुळायला लागली. पोरं पिसाटली. नवरीच्या मामानंही फेटा सावरत दोन पावलं टाकली.

आप्पांच्या चेहऱ्यावर रंग आला. “हां! आता कसं! चला पुढं.”

अण्णा पुढं गेले नाहीत.

पाय फाकवून त्या निळ्या दारासमोर उभे राहिले आणि वाजवत राहिले. मागून येणारा घोडा तिथंच थोपवावा लागला.

“मास्तर! पुढं चल!”

अण्णांना जसं ऐकूच येत नव्हतं.

“मुहूर्त चाललाय, आर ए! पुढं घे बँड!”

आप्पांनी ढोलाच्या पट्ट्याला हात घातला. अण्णांची काठी खाली आली ती त्यांच्या बोटांवरच. आप्पांनी हात झटकला आणि आईवरून शिवी हासडली. ती शिवीही ढोलात बुडाली, नुसते ओठ हलले.

“आप्पा, वाजवू द्या की,” नवरीचा मामा ओरडून म्हणाला. “रंगात आलाय गडी! घरच्याच दारात वाजवतोय, मान हाय घराचा!”

आप्पा अण्णांपासून मागं सरकले. ते दाराकडं पाठ करून, दोन्ही हात मागं बांधून उभे राहिले आणि अण्णांकडं अशा नजरेनं बघत राहिले की मला वाटलं, आज आम्ही या गावातून धड जात नाही.

मी फुंकत होते आणि अण्णांचा तिरस्कार करत होते. भिऊन वाजवलं असतं आणि चार पावलांत दार मागं टाकलं असतं, तर एक वेळ कळलं असतं. हे तर मयताच्या उशाशी उभं राहून नाच घालणं होतं. त्यांच्या काठीच्या मुठीवर रक्त आलं होतं. तळव्याची कातडी गेली होती. मला दया आली नाही. अजून जाऊ दे, असं मनात आलं.

दाराच्या बाजूला, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, एक लहान खिडकी होती. लाकडी गजांची, एक फळी किलकिली. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं की ती फळी हलली आणि लागली. आतून.

अण्णांची काठी तिथल्या तिथं थांबली.

“चला,” ते म्हणाले आणि ढोल रामभाऊंच्या गळ्यात घालून चालायला लागले.

*

अक्षता पडल्या. पंगती बसल्या, उठल्या. सगळ्यांत शेवटी कडुनिंबाखाली आमच्यापुढं पत्रावळ्या आल्या. वाढणारा वाकायचं टाळून उंचावरूनच बुंदी टाकत होता. मी बसले नाही.

“जेव,” अण्णा म्हणाले. डाव्या हाताला रुमाल गुंडाळला होता, उजव्याची कातडी तशीच उघडी होती आणि ते त्याच हातानं जेवत होते.

“भ्यालात तुमी.”

“जेव गप.”

“दात पाडले तवा न्हाई भ्यालात. आज उरलेल्या दातांसाठी भ्यालात.”

“पोरी,” रामभाऊ म्हणाले, “बापाला असं बोलू नये.”

“मग कसं बोलू? इतकी वर्सं काठीनं शिकवलं, दार बग, दार बग. मी बगितलं. ह्यांनी काय बगितलं? आप्पाचं तोंड बगितलं.”

आमच्यातले सगळे पत्रावळीत बघायला लागले. अण्णांनी मठ्ठ्याचा पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला. मठ्ठा कोमट होता.

“मी परत क्लॅरोनेटला हात लावनार न्हाई,” मी म्हणाले.

“नको लावू. कोट काढून दे.”

मी बटणं काढायला लागले. वरून तिसरं बटण निघालं असेल, तेवढ्यात आळीकडून हंबरडा आला. मग दुसरा. मग बायकांचा एकच कल्लोळ. मांडवातली माणसं उठून धावायला लागली. धावता धावताच बातमी तयार होत होती.

“थोरलं आबा गेलं!”

“आत्ताच?”

“आत्ताच की. अक्षतांचा आवाज कानावर पडला आन डोळं मिटलं.”

“पुन्यवान जीव. पोराचं लगीन बगून गेला.”

नवरीच्या मामानं फेटा काढून काखेत धरला. आप्पा सगळ्यांच्या पुढं पळत होते, “दादाऽ, दादाऽ” करत. खरंच रडत होते. सकाळपासूनचं साठलेलं असणार, त्यांचंही.

अण्णांनी पत्रावळ दुमडली, हात धुतले आणि टेम्पोत सामान भरायला सांगितलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “जा, त्या म्हातारीच्या पाया पडून ये.”

“मी का जाऊ? वाजवलं तुमी.”

“मला आत कोन घेनार? तू पोरगी हायस, बायकांत खपशील. जा.”

मी गेले. त्यांनी सांगितलं म्हणून नाही. कुणीतरी त्या बाईची माफी मागायला हवी होती आणि ते मागणार नव्हते, म्हणून गेले.

निळं दार आता सताड उघडं होतं. आत बायकाच बायका. बर्फ कुणीतरी हलवला होता, भुसा तेवढा ओल्या फरशीला चिकटून होता. म्हातारी खिडकीखाली भिंतीला टेकून बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. अनसाकाकू म्हणत होत्या तिला सगळ्या. तिच्याभोवती रड चालली होती आणि ती तेवढी गप्प होती.

“रडा ओ काकू. मोकळं व्हा.”

“दगड झालीया बाई. धक्का बसलाय.”

“चिमटा काडा तिला, रडली पायजे, न्हायतर डोक्यात जायाचं.”

मी उंबऱ्यात उभी राहिले. एकीनं माझा लाल कोट बघितला. “ए, तू कुटं आत? बँडवाली न्हवं तू?”

“येऊ द्या तिला,” अनसाकाकू म्हणाली.

मी जाऊन तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं माझं मनगट धरलं आणि मला खाली ओढलं, तिचं तोंड माझ्या कानाशी येईल इतकं. तिचे डोळे सुजले होते. पापण्यांच्या कडा सोलल्यासारख्या लाल. दगड म्हणणाऱ्या बायकांना ते कसं दिसत नव्हतं, कोण जाणे.

“तू फुंकत हुतीस?”

“व्हय.”

“मग मदीच थांबलीस का गं?”

मी खाली ओल्या फरशीकडं बघितलं.

“पहाटंपास्नं बसलीया त्यांच्या उशाशी. पोराच्या अक्षता पडूस्तवर तोंड उगडायचं न्हाय म्हनालं आप्पा. मी हू म्हनलं. माज्या मांडीवर वाडलंय ते पोर, त्याचं लगीन मी कशी मोडू? पन पोटात मावंना गं. वाजाप दारात आलं तवा म्हनलं, आता कोन ऐकतंय. तोंड उगडलं, आन तू थांबलीस. पदर कोंबला बग तोंडात. जीव जातो का काय वाटलं.”

तिची बोटं माझ्या मनगटात रुतली होती.

“खिडकीतनं बगितलं, तर तुजा बा माज्याकडंच बगत हुता. बगितलं आन ढोल धरला त्यानं.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “त्याला सांग, झालं म्हनावं माजं. पोटभर झालं.”

मग तिनं माझं मनगट सोडलं आणि माझ्या कोटाची उघडी राहिलेली तिन्ही बटणं लावली.

टेम्पो सुरू होऊन उभा होता. मी अण्णांच्या शेजारी चढले. गाव मागं पडलं, उसाची शेतं आली.

“काय म्हनाली?” शेवटी अण्णांनी विचारलं.

“झालं म्हनाली. पोटभर झालं.”

त्यांनी मान हलवली. रुमालाची गाठ दातांनी सोडवायला गेले, पुढं दात नाहीत हे विसरून, आणि मग हात माझ्यापुढं केला. मी गाठ सोडली. रुमाल कातडीला चिकटला होता, जपून काढला. 

“दार बगितलंस ते बराबर,” ते म्हणाले. “खिडकी बी बगत जा.”

एवढंच. मग रामभाऊंवर खेकसले, ढोल नीट बांध म्हणून.

*

अण्णा गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गेले. माझी लेक तेव्हा दीड महिन्याची होती. मला माहेरी पोचवलं ते तिच्यासकट, आणि गाडीतून उतरायच्या आधीच सासूबाईंनी बजावलं होतं.

“रडायचं नाही. ओली बाळंतीण तू. तुझं रडू दुधात उतरतं, लेकराच्या पोटात जातं.”

घरात आत्यानंही तेच म्हटलं. चुलत्यांच्या बायकांनी तेच. प्रत्येकीनं गळ्यात पडून आधी स्वतः रडून घेतलं आणि मग माझे डोळे पुसल्यासारखे केले, जे कोरडेच होते. “शाणी गं माझी बाय. अशीच धीर धर.” मला खिडकीपाशी पोतं घालून बसवलं, अण्णा समोर. कुणीतरी त्यांना कोट घातला होता, सगळी बटणं लावून. रडू आत कोंडलं होतं आणि लेक दुधासाठी तोंड हलवत होती.

बाहेर पावलं वाजली. बँड आला होता, सगळेच्या सगळे, लाल कोटांत, वाद्यं घेऊन. पण येऊन अंगणाच्या कडेला नुसते उभे राहिले. ट्रम्पेट खाली केलेला. झांजा काखेत. रामभाऊंनी ढोलाच्या तोंडावर टॉवेल टाकला होता. आता सगळं डोकं पिकलं होतं त्यांचं.

मी लेकीला घेऊन दारापर्यंत गेले.

“रामभाऊ, वाजवा.”

“अगं काय बोलतीस?” आत्या मागून ओरडली. “मयताच्या दारात?”

“मास्तरांच्याच दारात, पोरी?” रामभाऊ म्हणाले. “त्यांचा नेम काय हुता, म्हाइतेय न्हवं तुला?”

“म्हाइतेय. दार बगूनच सांगतीया. वाजवा.”

रामभाऊंनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या हातातल्या लेकीकडं. मग माझ्या मागं, घराच्या भिंतीकडं, जिथं खिडकीची फळी किलकिली होती. त्यांनी ढोलावरचा टॉवेल काढून खांद्यावर टाकला.

आत येऊन मी पोत्यावर बसले, लेकीला छातीशी घेतलं आणि तिच्या कानांवर हात ठेवले. पहिली थाप पडली तशी भिंत हादरली.

खिडकी मी लावली ती बऱ्याच वेळानं. ती लागल्याबरोबर ढोल थांबला.